जावेचा आठवडा

आमच्या सामाईक विहिरीत आज पाणी आहे, कुणी ती बुजवून वर पार्किंग केलेलं नाही, यामागं माझा जळका स्वभाव आहे. घरात हे कुणी कबूल करत नाही. यांना विचारलं तर देवाचं नाव घेतात. दीर म्हणतात, थोरल्या भावाची पुण्याई. धाकटी जाऊ तर तो विषयच काढू देत नाही. पण विहीर वाचवली ती मी, आणि तीही जावेवर जळत जळत. म्हणून माझं मीच लिहिते.

नेरे गावात आमची दोन घरं, मधे एकच अंगण. दिरांनी रस्त्याकडचा त्यांचा तुकडा विकला आणि बंगला बांधला. जिन्याला काचेचे कठडे, हॉलमध्ये झुंबर. आम्ही आमच्या वाटणीच्या जागेत खोल्या काढल्या आणि भाड्यानं दिल्या. हिंजवडीत कामाला जाणारी पोरं-पोरी राहतात, कुणी लातूरकडची, कुणी अमरावतीची. त्यांच्या टाक्यांना पाणी विहिरीचं. आजूबाजूच्या सोसायट्यांपुढं टँकर उभे असतात, आमच्या भाडेकरूंना त्याची गरज पडत नाही, म्हणून खोल्या रिकाम्या राहत नाहीत. विहीर गेली तर खोल्या गेल्या, आणि खोल्या गेल्या तर आमचं सगळंच गेलं.

विहीर दोघा भावांत असल्यानं वार ठरलेले. आज आमची मोटर, उद्या त्यांची. सासऱ्यांनी लावून दिलेलं हे. ज्याला त्याच्या वारी पाणी नको असेल त्यानं तो वार भावाला द्यायचा, वाया घालवायचा नाही, आणि त्याबद्दल काही मागायचं नाही. याची कुठं लेखी नोंद नाही. तोंडी सांगितलं की झालं. दिरांची शेतीच उरली नव्हती, तेव्हा जाऊ त्यांच्या वारी सकाळी काचेच्या कठड्यावरून ओरडायची, "आक्का, आजचा वार तुमी घ्या!"

आख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं ओरडायची. जणू मी झोळी घेऊन उभी होते.

तिचं आणि माझं मनातल्या मनात कधीपासून चालू आहे म्हणाल, तर ती उंबरठा ओलांडून आली तेव्हापासून. मी पौडाकडची, काळी, कामाला वाघ. ती गोरी, हसरी, आणि कामाला बसली की तिचा फोन वाजणार. गावात बायकांत पहिली स्कूटी तिची. ड्रेस घालायला पहिली ती. मी केलेली आमटी लोक ओरपायचे आणि "धाकटीनं केली का?" म्हणून विचारायचे. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

मग ती थायलंडला गेली.

पुण्याहून टूर निघाली होती, तिच्यात दोघं नवरा-बायको गेले. येताना माझ्यासाठी फ्रिजला चिकटवायचा हत्ती आणला. स्वतःसाठी मात्र तिथलं घर आणलं. म्हणजे तिचं म्हणणं तसं होतं. अंगणात खुर्ची टाकून तिनं ती गोष्ट इतक्यांदा सांगितली की मला पाठ झाली.

टूरमधल्या बायका खरेदीला गेल्या होत्या आणि ही दोघं समुद्राकाठच्या रस्त्यानं चालली होती. एक गोरा पोरगा स्कूटरवरून उतरला, हात जोडून "नमस्ते इंडिया" म्हणाला आणि दोघांच्या हातात एकेक कार्ड दिलं. नाण्यानं खरवडायचं. दिरांना टोपी लागली. हिनं खरवडलं आणि तो पोरगा रस्त्यातच उड्या मारायला लागला. पहिलं बक्षीस! म्हणे, सकाळपासून कुणालाच लागलं नव्हतं. टॅक्सी आली, बसवून मोठ्या हॉटेलात नेलं. वरच्या हॉलमध्ये गार हवा, सरबत, फळं, हिंदी बोलणारी एक मुलगी दिमतीला. तिनं समुद्राकडची खोली दाखवली, पांढऱ्या पडद्यांची. आणि समजावून सांगितलं की ही खोली वर्षातला एक आठवडा तुमची. जन्मभर. तुमच्यामागं मुलांची. दिरांनी बँकेचं कार्ड फिरवून पैसे भरले, हिनं सही केली, तेव्हा हॉलमधले सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या.

"माझ्यासाठी, आक्का! सगळी गोरी माणसं उभी राहिली!"

घर वगैरे ठीक होतं, पण त्या टाळ्या माझ्या फार वर्मी लागल्या. मी इतकी वर्षं या घरात राबते, माझ्यासाठी कधी कुणी टाळी वाजवल्याचं आठवत नाही. लग्नात वाजवल्या असतील, पण त्या सगळ्यांच्याच लग्नात वाजवतात.

आता वाचणाऱ्याला वाटेल, एवढी मोठी माणसं, कुणालाच शंका कशी आली नाही? नाही आली. कारण एक आठवडा तुमचा, पुढचा दुसऱ्याचा, हे दुसऱ्या कुणाला विचित्र वाटलं असतं, आम्हाला वाटलं नाही. आमच्या यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "म्हंजी आपल्या हिरीवानी. वार लावून दिल्यात. हितं वार, तितं आठवडा." झालं. गावात सगळ्यांना पटलं. सामाईक विहिरीतला वाटा कुणी बुडवू शकत नाही, तो बापाकडून पोराकडं जातो, हे आमच्या हाडात मुरलेलं. बाराशे कोसांवरच्या त्या खोलीलाही आम्ही तोच कायदा लावून टाकला.

मला मात्र शंका नाही, हेवा वाटला. खरं सांगायचं तर शंका आली असती तर बरं वाटलं असतं.

तिनं सत्यनारायण घातला. घर घेतलं की घालायचा असतो. गुरुजींना ती आधी वास्तुशांत करा म्हणत होती, ते म्हणाले, वास्तू असेल तिथंच शांत होते बाई, इथून होत नाही. मग सत्यनारायणावर भागवलं. हॉटेलवाल्यांनी मखमलीच्या डबीत एक सोनेरी किल्ली दिली होती, वीतभर लांब. ती चौरंगावर ठेवून हळदी-कुंकू वाहिलं. खरवडलेलं कार्ड तिनं काचेच्या चौकटीत बसवून हॉलमध्ये लावलं होतं, झुंबराच्या बरोबर समोर. त्यालाही हार. मी आत शिरा ढवळत होते. सव्वाच्या मापाचा, तुपानं हात चिकट झालेले, आणि बाहेरून बायकांचं ऐकू येत होतं. खिडकीतून समुद्र दिसतो का गं? लाटांचा आवाज येतो का गं? आणि हिचं हसू.

त्या दिवसापासून ती "आमच्या तिकडच्या घरी" असं म्हणायला लागली. चहात साखर जास्त झाली तरी तिकडच्या घरच्या चहाची गोष्ट. तिकडच्या घरी ती राहिलेली नव्हती, पडदे तेवढे पाहिलेले. मी रात्रंदिवस यांचं डोकं खाल्लं. आपण पण जाऊ. आपल्याला पण एक आठवडा घ्या. हे म्हणायचे, "हितला वार सांभाळ आधी." मी दोन-दोन दिवस अबोला धरायची. त्यांच्या ते लक्षातही यायचं नाही.

दोन वर्षं झाली तरी ती दोघं तिकडच्या घरी गेली नाहीत. फोन लावला की तो आठवडा भरलेला आहे म्हणायचे, देखभालीचे पैसे मात्र घ्यायचे. जाऊ सगळ्यांना सांगायची, "शिजन हाय, गर्दी लई असतीया." मग एक दिवस दिरांना तिकडून फोन आला. कुणी साहेब तुमचा आठवडा दुप्पट भावानं घ्यायला तयार आहे, तुम्ही फक्त आधी नावबदलाची फी भरा. फी मोठी होती. जमिनीचे पैसे बंगल्यात आणि गाडीत गेलेले. दिरांनी ठरवलं, विहिरीतला त्यांचा वाटा आणि तिच्याभोवतीची जागा विकायची. बिल्डर तयारच होता, पण त्याला विहीर अख्खी हवी होती, अर्धी घेऊन तो काय करणार? म्हणजे सही यांचीही लागणार. दिरांचा शब्द होता, आठवडा विकला की त्यातून आम्हाला बोअर मारून देईन.

"भाऊ हाय," हे म्हणाले. "अडला तर द्यायला नको? पानी काय, बोअरला बी लागंल."

आमच्या भागात बोअरला काय लागतं ते सगळ्यांना माहीत आहे. धूळ. मी रडले, ओरडले. कुणी ऐकेना. मग मी जाऊन जावेला म्हणाले, आणि हे मी विहिरीसाठी म्हणाले नाही, जळूनच म्हणाले, "विकताय तर विका. पन त्याच्या आधी एकदा मला तितं ऱ्हाऊ द्या."

तिनं किल्लीची डबी उघडली आणि परत मिटली. तिलाही ते विकायचं नव्हतं, हे मला त्या वेळी दिसलं. मग म्हणाली, "घ्या की आक्का. औंदाचा आठवडा वाया चाललाय. तुमी घ्या."

तसंच. पाण्याच्या वारासारखं. फक्त या वेळी ती ओरडून बोलली नाही. परत आलो की यांनी सही करायची, असं ठरलं.

भाडेकरूंतल्या लातूरच्या मुलीनं मोबाईलवर तिकिटं काढून दिली. ती म्हणाली, "काकू, हॉटेलला एक मेल टाकते, बुकिंग कन्फर्म करून घेऊ." मी तिलाच हसले. आपल्याच घरी जायला कुणी विचारतं का? जावेनं दिलेली सोनेरी किल्ली मी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली आणि विमानात पर्स मांडीवरून हलवली नाही.

हॉटेल होतं. अगदी तिनं सांगितलं तसं. दारात पाण्याचं कारंजं, आत कमळं. मी काउंटरवर रुमाल सोडला आणि किल्ली ठेवली. तिथल्या मुलीनं ती उचलली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि आणखी एकीला दाखवली. दोघी वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. मग तिनं आम्हाला एका खोलीच्या दारापर्यंत नेलं. दाराला किल्लीचं भोकच नव्हतं. एक प्लॅस्टिकचं कार्ड लावलं की हिरवा दिवा लागायचा. मोडक्यातोडक्या हिंदी-इंग्रजीत एवढं कळलं की आठवडे विकणारे ते क्लबवाले वरचा हॉल भाड्यानं घ्यायचे आणि आता घेत नाहीत. खोल्या हॉटेलच्या आहेत, कुणाच्या आठवड्याच्या नाहीत.

आणि मला काय वाटलं? वाटलं, धाकटीनं मुद्दाम केलं! खरं हॉटेल दुसरंच असणार, मला चुकीचं सांगून पाठवलं, परमुलखात तोंडावर पाडायला. मी त्या कमळांपाशी उभी राहून तिला इतक्या शिव्या घातल्या की हे म्हणाले, "अगं, हळू. हितं मराठी कळत न्हाई म्हनून काय झालं?" मागच्या गल्लीत एक खोली मिळाली. खिडकीतून भिंत दिसायची, आणि शेजारच्या हॉटेलची वाळत घातलेली फडकी.

दुसऱ्या दिवशी आम्ही समुद्राकाठच्या रस्त्यानं चाललो होतो. मी यांच्याशी बोलत नव्हते. तेवढ्यात एक स्कूटर थांबली. गोरा पोरगा. हात जोडले. "नमस्ते इंडिया."

मला सगळं माहीत होतं, पाठ होतं, तरी मी कार्ड घेतलं. यांना टोपी लागली. मी माझ्या अंगठ्याच्या नखानं खरवडलं आणि चंदेरी भुकटीखालून तीन सोनेरी तारे आले. पोरगा उड्या मारायला लागला. पहिलं बक्षीस, मॅडम! सकाळपासून कुणालाच नाही!

मी नाचले. लाज कशाला वाटायची? भर रस्त्यात, नऊवार नव्हतं म्हणून बरं, मी दोन उड्या मारल्या. हॉटेल, किल्ली, भिंतीची खिडकी, सगळं विसरले. पहिलं बक्षीस मला! तिला एकटीला नाही. मलाही! हेही खुलले होते. म्हणाले, "चल बस टॅक्सीत. आपला बी वार होऊन जाईल." टॅक्सी आलेलीच होती. मी दार धरलं आणि आत पाय टाकणार, तेवढ्यात मागून किंकाळी ऐकू आली.

आपल्यातलंच एक जोडपं, गुजरातकडचं असावं. तिच्या हातात कार्ड. तीन सोनेरी तारे. तोच पोरगा तिच्यापुढं तशाच उड्या मारत होता.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या कुणी बाईनं म्हटलं असतं, वा, तिलाही लागलं, चला दोघी मिळून जाऊ. मला ते जमत नाही. देवानं मला तसं केलेलं नाही. मी टॅक्सीचं दार सोडलं आणि त्या पोरासमोर जाऊन उभी राहिले. "पयलं बक्षीस एकाचंच असतंय!" मी मराठीत ओरडले. "पयलं माझं हाय! तिचं कसं?" त्याला कळलं नाही. तो हसून म्हणाला, "फर्स्ट, फर्स्ट, मॅडम. बोथ फर्स्ट."

दोघी पहिल्या. त्या दोन शब्दांनी माझं डोकं ताळ्यावर आलं. मग धाकटी पण पहिली. मग हा पोरगा या रस्त्यावर उभा राहून सकाळपासून प्रत्येकीला पहिली करतोय, आणि वरच्या हॉलमध्ये प्रत्येकीसाठी टाळ्या वाजतायत.

मी यांच्या दंडाला धरून ओढत नेलं. कार्ड माझ्याच मुठीत राहिलं होतं.

घरी आलो तर जावेनं पिठलं-भाकरी करून ठेवलेली. दीर हॉलमध्ये कागद घेऊन बसलेले, बिल्डरचा माणूस संध्याकाळी येणार होता. तिनं मला पाणीही पिऊ दिलं नाही. "खोली कशी हाय, आक्का? पडदं हायेत का तसंच?"

मी सांगितलं. खोली नाही. आठवडा नाही. तुझी किल्ली कुठल्या दाराला लागत नाही. तो फोनवाला साहेबही त्यांच्यातलाच असणार, फी घेऊन तोही जाईल आणि विहीरही जाईल.

मग ती जे म्हणाली ते मला ठाऊकच होतं. "जळताय तुमी. मी आले तवापास्नं जळताय. ऱ्हाऊन आलासा आन् आता न्हाई म्हनताय, मी इकू ने म्हनून."

दीर म्हणाले, "वैनी, असलं बोलू ने." हे खाली मान घालून बसले. यांनीही मला साथ दिली नाही. टॅक्सीत बसायला तेच निघाले होते ना.

"व्हय," मी म्हणाले. "जळते. तुझ्या रंगावर जळते, तुझ्या स्कूटीवर जळते, तुझ्यासाठी टाळ्या वाजल्या त्याच्यावर तर लईच जळते. आन् जळते म्हनूनच मला कळलं." मी पर्समधून माझं कार्ड काढलं. भिंतीवरची तिची चौकट काढून सोफ्यावर ठेवली आणि शेजारी माझं ठेवलं. तेच तीन तारे. तशीच खरवडल्याची रेघ. "ह्ये माझं. माझ्या मागनं एक गुजरातीन होती, तिचं बी असंच. रोज असंच."

दीर दोन्हींकडं आलटून पालटून बघत होते. जाऊ खाली बसली, फरशीवरच. पैशांचं तिच्या मनात आलं की नाही मला माहीत नाही. विहिरीचंही नसेल. ती बारीक आवाजात म्हणाली, "म्हंजी मला लागलंच नव्हतं?"

इतकी वर्षं मी जिच्यावर जळत होते, तिलाही जन्मात कधी काही पहिलं लागलं नव्हतं. माहेरी पाचवी मुलगी, इथं धाकटी सून. हे मला माहीत होतं, पण कधी मोजलं नव्हतं. मी तिच्याशेजारी बसले. तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण ठेवला नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. पिठलं गार झालं होतं, ते गरम करायला मीच उठले.

सही झाली नाही. फोनवाल्या साहेबाचा पुन्हा फोन आला तेव्हा दिरांनी सांगितलं, गिऱ्हाईकाला नेऱ्याला पाठवा, चहा पाजतो. तो नंबर नंतर लागला नाही. विहीर आहे, वार आहेत. जाऊ अजूनही आपला वार मला देते, पण आता आत येऊन, हळू सांगते.

तिनं तिचं कार्ड चौकटीतून काढून बंबात घातलं. माझ्यासमोर. काठीनं ढोसून पुरतं जाळलं आणि मग वळून विचारलं, "तुमचं कुटं हाय, आक्का?"

"फेकलं तवाच," मी म्हणाले.

फेकलं नाही. कपाटात लग्नातल्या शालूच्या घडीत आहे. खोटं आहे, रोज शंभर जणींना लागतं, सगळं माहीत आहे. तरी कधी घरात कुणी नसलं की मी ते काढते आणि ते तीन तारे बघते. आता पहिलं बक्षीस घरात एकटीकडंच आहे, आणि ते माझ्याकडं आहे.